चारशे तेरा दिवसांची हजेरी

'हत्तीला तुमचं पत्र मिळालेलं नाही.'

सुनंदाबाई बेहेरे संध्याकाळी सेंट्रल सेक्रेटरिएटला मेट्रोत चढल्या, दांडीला धरून फोनवरचं भाषा शिकायचं अ‍ॅप उघडलं, आणि डच भाषेतलं हे वाक्य समोर आलं. त्यांचं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं केंद्र सरकारात काढलेली बाई. क्लार्क म्हणून लागून सेक्शन ऑफिसरपर्यंत पोचलेली. पत्र मिळालं नाही, पत्र मिळालं पण जोडपत्र मिळालं नाही, पत्र मिळालं पण विषय आमच्याकडचा नाही, यातलं सगळं त्यांनी वाचलं होतं आणि लिहिलंही होतं. पण हत्तीला पत्र लिहिलं कुणी? आणि मिळालं असतं तर त्याने काय कारवाई केली असती?

रोजचंच होतं हे. परवा 'नगराध्यक्ष आमच्या फ्रिजमध्ये राहतात' होतं. त्याच्या आदल्या दिवशी 'माझा काका बटाट्यांशी बोलतो.' सुनंदाबाईंनी त्यासाठी एक जुनं रजिस्टर काढलं होतं. तीन रकाने आखले होते: वाक्य, अर्थ, शेरा. काकापुढे त्यांनी 'डॉक्टरांना दाखवावे' असा शेरा मारला होता, नगराध्यक्षापुढे नुसतंच 'प्रयोजन?' लिहिलं होतं. अ‍ॅपवाल्यांना त्यांनी दोन तक्रारी रीतसर मुद्दे घालून पाठवल्या. दोन्हींना एकच उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. ते वाचून तर त्या जास्तच पेटल्या. असली उत्तरं त्यांनी आयुष्यभर लोकांना पाठवली होती, त्यांचा अर्थ त्यांना कुणी शिकवायला नको होता.

आता ही बाई डच शिकत होती कशासाठी? तर शिकत नव्हतीच. लेकीची हजेरी लावत होती.

लेक केतकी, एकुलती एक. नोएडाला सेक्टर बासष्टमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून तिकडे जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. दोन वर्षांपूर्वी तिचं सुधन्वाशी लग्न झालं. मुलगा चांगला, मूळ साताऱ्याचा, पण दहा वर्षं नेदरलँड्समध्ये राहून तिथला नागरिक झालेला. आणि तिथेच सगळं अडलं. बायकोला तिकडे राहायला न्यायचं तर तिने आधी इथे दिल्लीत, दूतावासात, डच भाषेची परीक्षा द्यायची. परीक्षा पास झाली तर व्हिसा, व्हिसा मिळाला तर संसार. एकदा देऊन झाली होती. वाचायच्या पेपरात केतकीला उत्तम गुण मिळाले, पण बोलायच्या पेपरात ती साफ नापास झाली. दुसरी तारीख तीन आठवड्यांवर आली होती, आणि कॉलनीतल्या बायका सुनंदाबाईंना भाजीवाल्यापुढेही विचारायच्या, "केतकी अजून इथेच?"

अ‍ॅप केतकीनेच घेतलं होतं. रोज एक धडा करायचा. एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर यायचा. अठरा दिवस तिने नेमाने केलं. एकोणिसाव्या दिवशी ऑफिसमधून फोन. "आई, इथे मरायला वेळ नाहीये यार. माझं अकाउंट तुझ्या फोनवर उघड ना. पाच मिनिटांचं काम आहे. बस, आजच्या दिवस."

सुनंदाबाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या सेक्शनमध्ये हजेरीचं रजिस्टर होतं, आणि बदरपूरहून बसने येणाऱ्या एका मैत्रिणीची सही त्या कितीदा तरी करून टाकत. बस काय तिच्या हातात होती? सगळेच करायचे. हजेरी लावणं ही लबाडी नव्हती, शेजारधर्म होता. आजच्या दिवस म्हणता म्हणता उद्या आला, परवा आला, आणि मेट्रोतली आयएनएपर्यंतची बारा मिनिटं सुनंदाबाईंच्या डचची झाली.

आणि मन लावल्याशिवाय या बाईला काही करताच येत नाही, ही तिची खोड. नुसती बटणं दाबून आकडा वाढवता आला असता, पण नाही. त्या घशातला 'ख' घोटायच्या. स्वयंपाकघरात 'खूत, खूत' चालायचं. खूत म्हणजे चांगलं. बाहेरून त्यांचे यजमान बळवंतराव म्हणायचे, "अगं, किती दिवसांचा खोकला हा? काढा तरी घे."

"अहो, चांगलं म्हणतेय मी."

"कुणाला?"

"कुणाला नाही. गप्प बसा."

हत्ती आणि नगराध्यक्षांच्या नादी लागून कुणी बोलायला शिकत नाही, हे त्यांच्या शंभर दिवसांत लक्षात आलं. मग त्यांनी स्वतःची वाक्यं करायला घेतली. मी दुधाची पिशवी आणते. आज मेट्रोला गर्दी आहे. माझा नवरा ऐकत नाही. हे शेवटचं दिवसातून पाच-सहा वेळा वापरता यायचं, म्हणून ते सर्वांत पक्कं झालं. कणीक मळताना मोठ्याने बोलायचं, अडलं की शोधायचं, परत बोलायचं. असं करत त्या चक्क बोलायला लागल्या. ज्या मुलीला बोलायचं होतं ती मात्र रात्री जेवून फोन बघत पडायची, आणि डचचं नाव काढलं की म्हणायची, "करते ना आई, संडेला करते."

सुनंदाबाई धुमसायच्या. ओरडायच्याही. पण दुसऱ्या दिवशी मेट्रोत हजेरी लावायच्याच, कारण आकडा तुटायला नको. आणि आकडा फक्त केतकीलाच दिसायचा असं नव्हतं. सुधन्वालाही त्याच्या फोनवर दिसायचा. तीनशे झाले तेव्हा त्याने केतकीला फुलं पाठवली. चारशे झाले तेव्हा घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'इतकी मेहनत माझ्यासाठी आजवर कुणी केली नव्हती.' सुनंदाबाईंनी ते वाचलं आणि त्यांना अगदी भरून आलं. केतकीने त्यावर एक हसरा चेहरा टाकला आणि फोन पालथा ठेवला. ते मात्र त्यांनी पाहूनही मनावर घेतलं नाही.

रविवार आला. त्या दिवशी आकडा चारशे तेरा होता. सुनंदाबाईंनी जेवणानंतर केतकीला टेबलाशी बसवलीच. सराव-प्रश्नांची यादी त्यांनी ऑफिसातून छापून आणली होती. परीक्षेत कॉम्प्युटर प्रश्न विचारतो, आपण कानाला हेडफोन लावून उत्तर द्यायचं. यातले प्रश्न मात्र शहाण्यासारखे होते, हत्ती कुठेच नव्हता. तुम्ही कामाला कशा जाता? सकाळी काय खाता? प्रत्येकाखाली सुनंदाबाईंनी केतकीचं उत्तर डचमध्ये लिहून ठेवलं होतं, म्हणजे तिने फक्त पाठ करायचं.

केतकीने पान उलटलं. सातवा प्रश्न होता, तुम्हाला नेदरलँड्समध्ये का राहायचं आहे? खाली आईच्या वळणदार अक्षरात चार वाक्यं. मला नवीन भाषा शिकायला आवडते. मला सायकल चालवायला आवडते. मला कधीपासून दुसऱ्या देशात राहून बघायचं आहे. तिथे मला कुणी ओळखत नाही, म्हणून मला मोकळं वाटेल.

केतकी ते बोटाने एकेक शब्द लावत वाचत होती. मग म्हणाली, "आई, मला सायकल येत नाही."

"शिकशील. तिकडे सगळे चालवतात."

"तू चालवायचीस. कॉलेजला जाताना. हे माझं उत्तर नाहीये, तुझं आहे."

"बरं, मग तुझं सांग. मी लिहिते. का जायचंय तुला?" सुनंदाबाईंनी पेन उघडलं.

केतकी पानाची कड दुमडत बसली. पंखा फिरत होता, आत बळवंतराव घोरत होते. सुनंदाबाई थांबल्या, मग चिडल्या. "अगं, साधा प्रश्न आहे. कॉम्प्युटर अर्धा मिनिट थांबतो, नंतर पुढे जातो. मागच्या वेळीही अशीच बसली असशील तोंडात गुळणी धरून."

"हो," केतकी म्हणाली. "अशीच बसले होते. मुद्दाम."

सुनंदाबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि उघडलेलं पेन त्यांनी परत बंद केलं.

"सुधन्वा वाईट नाहीये," केतकी म्हणत होती. "पण मला इथे टीम मिळालीये आई, अकरा लोक आहेत माझ्या हाताखाली. तिकडे जाऊन वर्षभर खिडकीत बसू? लग्न ठरताना वाटलं होतं, जमेल. आता नाही वाटत. मी ओळखतच नाही त्याला नीट. सगळे दिवस धरून महिनाभर एकत्र राहिलोय आम्ही."

"मग हे त्याला सांगायचं नाही? तोंड शिवलंय का तुझं?"

"कसं सांगू?" आता केतकीचाही आवाज चढला. "तो रोज संध्याकाळी मेसेज करतो. आजचा धडा झाला, पाहिलं मी, थँक यू. रोज! मी चारशे दिवस त्याच्यासाठी झिजतेय असं वाटतं त्याला. त्याला काय सांगू, की ती मी नाही, माझी आई आहे? तू एक दिवस जरी सोडला असतास ना, तर त्याने विचारलं असतं काय झालं म्हणून. मग मी बोलले असते."

"म्हणजे माझंच चुकलं? मी तुझ्यासाठी घसा फोडला, मेट्रोत लोक बघायचे माझ्याकडे, आणि खापर माझ्यावर?"

केतकी उठून खोलीत गेली. सुनंदाबाई कितीतरी वेळ त्या कागदापुढे बसून राहिल्या. लेकीचा राग आला होता, त्याहून स्वतःचा आला होता, आणि मधेच त्या अ‍ॅपचाही आला. एवढ्या दिवसांत एकदा तरी त्याने हत्ती सोडून हे विचारायला हवं होतं. सातव्या उत्तरातली चारही वाक्यं त्यांनी खोडली. खोडताना मात्र त्यांना वाईट वाटलं, कारण ती बरोबर होती, व्याकरणाची एकही चूक नव्हती.

सोमवारी संध्याकाळी त्या नेहमीच्या मेट्रोत चढल्या. फोन थरथरला. आजचा धडा राहिला आहे. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. उद्योग भवन गेलं, जोरबाग गेलं. हात शिवशिवत होते. आयएनएला उतरताना तर त्यांना खरोखर चोरी केल्यासारखं वाटलं, आणि वर चढताना त्या दोनदा थांबल्या. घरी कणीक मळताना तोंडातून एक शब्द निघाला नाही.

"आज खोकला नाही?" बळवंतरावांनी विचारलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी आठला सुधन्वाचा फोन आला, केतकीला नाही, त्यांना. तिकडे पहाटेचे साडेतीन. आवाज जागरणाचा होता.

"आई, केतकी बरी आहे ना? काल आकडा शून्य झाला. मेसेज केला, तिचं उत्तर नाही. तुम्ही झोपला असाल म्हणून रात्री फोन केला नाही. चारशे तेरा दिवसांत असं कधी झालं नव्हतं."

डबा भरत होत्या, तो तसाच राहिला. थाप मारणं सोपं होतं. ताप आहे, नेट नव्हतं, काहीही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर त्यांनी सुबक मसुदे केले होते. पण या मुलाला त्यांना तसलं उत्तर द्यायचं नव्हतं.

"केतकी बरी आहे," त्या म्हणाल्या. "धडा मी केला नाही."

"तुम्ही?"

"पहिले अठरा दिवस तिचे. पुढचे तीनशे पंच्याण्णव माझे."

मग तो हळूच म्हणाला, "रोज दुपारी मी कामातून उठून बघायचो. तिने आज माझी आठवण काढली की नाही ते. ते तुम्ही होतात?"

"मी होते रे," सुनंदाबाई म्हणाल्या. "मला माफ कर. माझी हजेरी लावायची जुनी सवय."

केतकी ऑफिसची बॅग खांद्याला लावून दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. सुनंदाबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. तिने लगेच घेतला नाही. मग घेतला, बॅग जमिनीवर ठेवली, आणि खुर्चीत बसून म्हणाली, "सुधन्वा, मागच्या परीक्षेत मी मुद्दाम गप्प बसले होते."

सुनंदाबाईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. आतून कधी तिचं रडणं ऐकू यायचं, कधी काहीच नाही. एकदा ती चिडून काहीतरी म्हणाली, आणि मग बराच वेळ त्याचं ऐकत राहिली असावी. पर्स उचलून निघावं असं सुनंदाबाईंना चारदा वाटलं, पण फोन त्यांचा होता आणि तो मागायला आत जायची त्यांची छाती होईना. पावणेदहाला त्या फोन तिथेच सोडून निघाल्या. दोघं अजून बोलत होती.

ऑफिसच्या दारातल्या मशीनवर त्यांनी अंगठा टेकला. पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि त्यापुढे लाल अक्षरांत 'विलंब'. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. त्या दोन क्षण ते बघत उभ्या राहिल्या, आणि मग मागच्या माणसाला वाट करून दिली.