भिंगाच्या सत्तावीस फेऱ्या

बॅगांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसते. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बॅग बाहेर पडत नाही. चेन तीनदा ओढायची, शिवण आतून-बाहेरून चाचपायची, पट्ट्याला हिसका द्यायचा आणि मग डाव्या हातातल्या काउंटरचं बटण अंगठ्याने दाबायचं, की आकडा एकाने पुढे. अठरा वर्षं हेच काम. शिलाईवाल्या बायका तिला टरकून असतात आणि साहेब तिच्यावर खूश. अडचण एवढीच, की संध्याकाळी कारखाना सुटला तरी बाईसाहेबांचं तपासणं काही सुटत नसे. शेजारीण गोड बोलली की हिच्या मनात यायचं, हिला काहीतरी हवंय. आणि कडू बोलली, तर त्यात नवल ते काय!

याला कारणही होतं. तिचं लग्न जेमतेम दीड वर्ष टिकलं. नवऱ्याचा दुसरा संसार होता आणि तो अख्ख्या गल्लीला ठाऊक होता, फक्त हिला नव्हता. लाज त्या माणसाची वाटली नाही तेवढी आपल्या भोळेपणाची वाटली. ती दादा-वहिनीच्या घरी परत आली आणि मागच्या खोलीत राहू लागली. आता पुन्हा आपल्याला कोणी गाफील गाठणार नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

त्यामुळे तिच्या बेचाळिसाव्या वर्षी वहिनीने फ्रिजवर एक पत्रक चिकटवलं, तेव्हा तिचे कान उभे राहिले. ‘रोलर डर्बी शिका. वयाची अट नाही. दर रविवारी दुपारी दोन ते चार.’ वहिनी म्हणाली, जाऊन तर बघा, तेवढाच व्यायाम. वहिनीला एकाएकी हिच्या व्यायामाची काळजी! इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. मागच्या खोलीवर डोळा असणार, आधी दोन तास बाहेर काढायचं, मग कायमचं. पण नाही म्हटलं तर डाव कळणार कसा? म्हणून ती गेली. खेळायला गेली असं म्हणणं धाडसाचं होईल, ती छडा लावायला गेली.

एका जुन्या गोदामात फरशीवर पांढऱ्या पट्टीने लंबगोल रिंगण आखलं होतं. पायांत चार-चार चाकांचे बूट, गुडघ्यांना, कोपरांना गाद्या, डोक्यावर हेल्मेट. दोन संघ एकाच दिशेने पळतात. प्रत्येक संघातल्या एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते, तिने समोरच्या बायकांच्या भिंतीतून वाट काढायची आणि त्या बायकांनी खांद्याने, कमरेने तिला अडवायचं. धक्का मारणं हा इथे गुन्हा नव्हता, ते कौशल्य होतं. हे ऐकून तिला जरा बरंच वाटलं. निदान इथे लोक समोरून सांगून धक्का मारत होते.

शिकवणारी बाई एरवी बस चालवायची. इथे तिचं नाव ‘हातोडा’. प्रत्येकीला खेळातलं वेगळं नाव असे. नवीन आलेली ही बाई आपल्या गुडघ्याच्या गादीची शिवण उलटीपालटी करून बघत बसली आहे, हे पाहून हातोडाने तिथल्या तिथे हिचं बारसं उरकलं, ‘भिंग’. सगळ्या हसल्या. भिंगाने कोण किती वेळ हसलं ते लक्षात ठेवलं.

पहिल्याच दिवशी ती सात वेळा आपटली आणि एकीनेही हात दिला नाही. बाजूने खुशाल निघून जायच्या. माणुसकी म्हणून काही आहे की नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. मग हातोडाने सांगितलं, की इथला नियमच तो. पडलं की मुठी आवळायच्या, म्हणजे बोटांवरून चाक जात नाही, आणि फरशीला हात न लावता तीन आकडे मोजायच्या आत आपलं आपण उठायचं. भिंगाने मान डोलावली, पण पुढच्या रविवारी दुसरी कोणी पडल्यावर तिला हात मिळतो का, हे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. नाही मिळाला.

मधल्या एका रविवारी ती मुद्दाम अर्धा तास आधी घरी परतली. वहिनी कोचावर आडवी होती आणि रेडिओ आपला चालू. झोपेचं सोंग असणार, असं म्हणून ती आपल्या खोलीत गेली आणि सामान जागच्या जागी आहे ना ते बघून घेतलं.

आणि या सगळ्यात एक भलतीच गोष्ट होऊन बसली. तिला खेळ आवडला. भिंतीतून एकदा का होईना आरपार निघायचं, चांदणी आपल्या डोक्यावर असताना निघायचं, ही हाव तिला सुटली. पण संघात यायचं तर परीक्षा होती, एकटीने, पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या. नापास झालं तर पुन्हा सहा महिने थांबा.

सरावात तिच्या तेवीस व्हायच्या. जिवाचं रान केलं तरी तेवीस. तिसऱ्यांदा तोच आकडा ऐकल्यावर तिची खात्री पटली, की हातोडा फेऱ्या खाते. तिने कारखान्यातला काउंटर घरी आणला. मोजायला माणूस हवं होतं. दादाला रविवारी दुकान असे. राहिली वहिनी. जिच्यावर संशय तिलाच पहाऱ्यावर बसवायची वेळ आली, पण इलाज नव्हता.

वहिनी आली, बाकावर बसली, मोजू लागली. पाच मिनिटं संपली. हातोडा म्हणाली, तेवीस. भिंग धापा टाकत वहिनीकडे आली. काउंटरवरही तेवीसच होते. शेजारी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा ओढलेल्या होत्या.

“या कसल्या?”

“तुम्ही मागे वळून किती वेळा बघितलंत, त्या,” वहिनी म्हणाली. “अठ्ठेचाळीस झाल्या. दर वेळी तुमचा वेग कमी होतो.”

“मागून कोण येतंय ते नको बघायला?”

“ताई, रिंगणात तुमच्याशिवाय कोणीच नव्हतं.”

बुटांच्या नाड्या सोडायला भिंगाला त्या दिवशी फार वेळ लागला.

घरी जाताना मात्र तिने विचारलंच. ते पत्रक उगाच चिकटवलं नव्हतंस ना? माझी खोली हवी होती ना तुला?

“खोली नको होती,” वहिनी म्हणाली. “मला दोन तास हवे होते. चहात साखर किती घेते, फोनवर कोणाशी बोलते, कुठलं कपाट का उघडलं, हे कोणी बघत नाही असे दोन तास. वीस वर्षं झाली ताई. मी दमले.”

तिचा संशय खरा निघाला होता. डाव होता, तिला बाहेर काढण्यासाठीच होता. पण शिवणीतला दोष सापडला की जे समाधान व्हायचं ते या वेळी झालं नाही. रात्री जेवताना वहिनीने साखर घेतली का, मीठ घेतलं का, तिने पाहिलं नाही. म्हणजे एकदाच पाहिलं.

परीक्षेला तीन आठवडे होते. पाय तयार होते, आडवी येत होती ती मान. ती भाजी आणायला जाताना न वळता चालायचा सराव करू लागली. पाठीला मुंग्या यायच्या. वहिनीच्या पाठीमागून जातानाही ती ताटाकडे न बघता सरळ आपल्या खोलीत जायची, आणि तिथे दोन मिनिटं तळमळायची.

परीक्षेच्या दिवशी वहिनी न बोलावता आली. काउंटर तिने स्वतःच मागून घेतला. शिट्टी झाली. सातव्या फेरीला भिंगाची मान वळली, बाराव्याला पुन्हा. मग तिने रागाने स्वतःला शिवी हासडली आणि पुढच्या वळणाच्या पांढऱ्या पट्टीवर नजर खिळवली. पाठीमागे काय असेल ते असो. मागे आहे ते फार तर एक रिकामं गोदाम, आणि बाकावर एक वहिनी. तिला वीस वर्षांत पहिल्यांदा पाठ उघडी असल्याची भीती वाटली नाही. पुन्हा शिट्टी झाली.

“सत्तावीस,” हातोडा म्हणाली. “आलीस संघात.”

बायकांनी गलका केला. भिंग घसरत बाकापाशी गेली आणि सवयीने हात पुढे केला. वहिनीने काउंटर तिच्या तळव्यावर ठेवला. आकडा होता सव्वीस.

तिने वर पाहिलं. वहिनीचे डोळे भरले होते.

“एक मोजायची राहिली असेल, ताई,” ती म्हणाली. “तुमच्याकडे बघतच बसले.”

हातोडाने एक जास्त मोजली, की वहिनीने एक कमी? विचारायला अठरा वर्षं दोष काढणारी जीभ शिवशिवत होती. हातोडा चार पावलांवर उभी होती, फेऱ्यांची नोंद केलेली वही तिच्या हातात होती. भिंगाने एकदा त्या सव्विसाकडे पाहिलं. मग अंगठ्याने बाजूची कळ फिरवली, आकडा शून्यावर आणला आणि वहिनीला म्हणाली, “पुढच्या रविवारी येऊ नकोस. घरी दोन तास आराम कर.”