उठवायला कोण?

आमच्या ह्यांच्या सायकलीला गल्लीतली पोरं ‘पलंग’ म्हणतात. पोरांचं काही चुकत नाही. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये मागे रेललेली खुर्ची आणि पाय टाकायचे थेट समोर, पॅडलवर. सगळं इतकं बुटकं की कुत्रंसुद्धा वरून बघतं. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून मागे उंच काठीला जुन्या पडद्याचं केशरी कापड बांधलंय. माझ्या भाच्याने दोन मोडक्या सायकली आणि बागेतली एक खुर्ची वेल्डिंग करून ती बनवून दिली. त्याआधी हे घरात बसून नुसतं माझं डोकं खायचे. भांडी कुठली आधी घासावीत, हेसुद्धा मला शिकवायला लागले होते.

हे काच बसवणारे. दुकानांच्या दर्शनी काचा, कपाटांची दारं, आरसे. काचेवर एकदा कापायचा हिरा फिरवला की पुन्हा फिरवायचा नाही, असा तोरा. एका शोरूमच्या मालकाला तोंडावर म्हणाले होते, “काच सरळ आहे, भिंत वाकडी आहे, त्याला मी काय करू?” मग नसांचा आजार जडला. त्याचं नाव लांबलचक आहे, ते डॉक्टरांच्याच तोंडी शोभतं. तो बरा होत नाही, मारत नाही आणि सोडतही नाही. एखाद्या दिवशी बाजारात चालत जाऊन येतात, दुसऱ्या दिवशी पायात चप्पल राहत नाही. ऊन लागलं की आणखी हाल. काच उचलायचं काम सुटलं.

लोकांना हेच पटत नाही. समोरच्या घरात गोदामवाले राहतात, गोदामातला माल चढवून-उतरवून घ्यायचं काम करतात. एकदा दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काल तर टणाटण चालत होते की! झकास नाटक आहे. बायको कमावतेय, हे बसून खातायत.” मी घरी शिवणकाम करते. त्या वेळी माझ्या हातात कात्री होती, म्हणूनच बाहेर गेले नाही. ह्यांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पलंगावर मात्र ह्यांचे पाय चालतात. अंगाचा भार पेलायचा नाही, तोल सांभाळायचा नाही, नुसतं रेलून पाय मारायचे. पहिल्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले आणि आल्यावर हसत बसले. मला रडूच फुटलं.

अडचण एकच. त्यात बसता येतं, उठता येत नाही. बसताना दारापुढचा कठडा धरून अंग सोडून दिलं की झालं. उठायला मांड्यांत जोर लागतो, तो कुठून आणायचा? खुर्ची उंच केली तर वळणावर उलटते, भाच्याने तेही करून पाहिलं. म्हणजे हे कुठेही जाऊ शकतात, पण कुठेच उतरू शकत नाहीत. पूर्वी जिथे काम करायचे त्या काचेच्या दुकानाशी गेले की मालक म्हणतो, “आत या, चहा घ्या,” आणि हे म्हणतात, “घाईत आहे.” कसली डोंबलाची घाई! वाटेत लघवीला लागली तर काय, म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाहीत. उतरायचं फक्त घरी, कारण घरी मी. मी पुढच्या चाकाला पाय लावायचा, ह्यांची मनगटं धरायची आणि ‘हं!’ करून मागे झुकायचं. एकदा उभे राहिले की भिंत धरून आत येतात.

आणि माझा मणका सरकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वजन उचलणं बंद. पाण्याची बादलीसुद्धा नाही.” मी मान डोलावली. बादली बंद केली, नवरा चालू ठेवला. सांगणार कसं? सांगितलं की हे पलंगावर बसणं सोडणार, हे मला पक्कं ठाऊक. मग दिवसभर एका खोलीत हे खिडकीपाशी आणि मी मशीनपाशी. न सांगावं तर माझी कंबर जाते. कधीकधी मला ह्यांचाच राग यायचा. खरं सांगते, यायचा.

एका दुपारी हे परत आले. मी पाय लावला, मनगटं धरली, ‘हं!’ केलं आणि कमरेत अशी कळ गेली की मटकन खाली बसले. हे खुर्चीत, मी फरशीवर, दोघांची तोंडं समोरासमोर.

“अगं, काय झालं?”

“काही नाही. बसावंसं वाटलं.”

“इथे?”

मला हसू फुटलं, मग ह्यांनाही. हसताना पुन्हा कळ आली आणि मी ओरडले. हे हसायचे थांबले.

“कधीपासून?”

सगळं सांगून टाकलं. भर दुपार, सगळ्यांची दारं बंद. मी कशीबशी भिंतीला धरून उभी राहिले, पण ह्यांना उठवणं शक्यच नव्हतं.

“भाच्याला फोन करते,” मी म्हटलं.

“तो कामावर असेल. आणि रोज कोण येणार?” असं म्हणून ह्यांनी पॅडल मारलं. मला वाटलं, सावलीत जातायत. तर समोरच्या दाराशी जाऊन थांबले. बेल वाजवायला हात वर केला, तो पोचेना. मग दारावर थाप मारली.

गोदामवाले बनियनवरच बाहेर आले, झोपमोड झालेली. हे खालून वर बघत म्हणाले, “जरा उठवता का मला?”

त्यांनी काखेत हात घालून ह्यांना उचललं. उन्हात थांबून ह्यांचं होतं नव्हतं ते बळ गेलं होतं, पाय नुसते लोंबकळले. गोदामवाल्यांचा चेहराच उतरला.

“अहो, पायांत काहीच नाही की तुमच्या!”

“आज नाही,” हे म्हणाले.

तेव्हापासून तेच उठवतात. माणूस वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं. पण ह्यांचं बाहेर पडणं आता त्यांच्या कामाच्या पाळीवर ठरतं. त्यांची दुपारपाळी असली की हे घरात. ते सासुरवाडीला गेले की हे घरात. पुलापर्यंत जाणंही बंद झालंय, कारण यायला उशीर झाला तर ते कामाला निघून जातात. शिवाय रोज उठवताना ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतात, “चला, माल उतरवून घ्या! फुटका आहे, जपून!” आणि हे हसतात. रोज हसतात.

काल हसले नाहीत. दमले असतील, नाहीतर कंटाळले असतील. मी खिडकीतून बघत होते. गोदामवाल्यांचे हात ह्यांच्या काखेत तसेच थांबले. “काय हो, आज राग आला वाटतं?” त्यांनी विचारलं. हे हसेपर्यंत उचलणं थांबलेलं.

मग मीच खिडकीतून मोठ्याने हसले.