शेजारचा शिंगांचा मुखवटा
ये गं, जवळ बस, आणि तो फोन ठेव आधी! या घोंगडीच्या वासानं मला कतारमधलं दोहा शहर आठवलं, आम्ही तिथं राहायचो. तेव्हा वर्ल्डकपची स्टेडियमं उभी राहत होती. बिन महमूद भागात आमच्या शेजारी ऑस्ट्रियाचं कुटुंब होतं, माझी नात रोज त्यांच्या लेकीशी खेळायची. डिसेंबरात तिला आणायला गेले, तर सोफ्यावर असल्याच वासाचं बोकडाचं कातडं, शिंगांचा मुखवटा आणि फोकांची जुडी! करणीच ही, म्हणत मी नातीची दृष्ट काढली नि तिचं जाणं बंद केलं. शेवटी शेजारीणच आली, "आंटी, नाताळाआधी आमच्याकडे असा राक्षस खोडकर मुलांना भिववतो. पाठवा ना, माझी मुलगी रडतेय." पाठवलं, पण मीही सोबत गेले नि मुखवट्यावर नजर ठेवून बसले. राक्षस गुरगुरत आला, तशी त्यांचीच लेक माझ्या पदरात शिरली. "खलास! यल्ला, बाहेर!" पुरे, चल नीघ, असं मी तिथल्या अरबीत ओरडले. तिच्या बापानं हसत मुखवटा काढला, तरी मी पोरीला सोडलं नाही. आजही सोडलं नसतं. बरं, पुन्हा लवकर ये हो.