मनोऱ्यावरचं पोळं

मुळगावचा शंभू परब आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला आणि तो जुन्या गोव्यात पहारेकरी झाला. कधीकाळच्या त्या राजधानीतल्या टेकडीवर आता एक उंच मनोरा आणि भोवती छप्पर उडालेल्या चिऱ्यांच्या भिंती उरल्या आहेत. त्या भिंतींवर कुणाला चढू द्यायचं नाही, हे शंभूचं काम.

चतुर्थीनंतर मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत आग्या माश्यांनी पोळं धरलं. शंभूची नजर सारखी तिकडेच जायची.

एका सकाळी कुणा पर्यटकाने ड्रोन उडवला. शंभू हात हलवत धावला, तोवर तो खिडकीपाशी पोचलाही होता. माश्या उठल्या. माणसं किंचाळत रस्त्याकडे पळाली. हरमलहून नातीबरोबर मनोरा बघायला आलेली रुक्मिणीआजी तेवढी जोत्यावर बसून राहिली. गुडघ्यांमुळे तिला आधाराशिवाय उठवत नव्हतं. पाणी आणायला गेलेली तिची नात गौरवी फाटकातून उलट धावत यायला लागली.

"बाय, थंयच राव," शंभू ओरडला. "पुढे येव नको. आजीक मी बघतंय."

डागडुजीसाठी आणलेल्या चुन्याच्या गोण्यांवरची ताडपत्री ओढून तो आजीपाशी गेला आणि दोघांवर ती पांघरली. कडा जमिनीला दाबून धरायला हात बाहेरच ठेवावे लागले. हातांवर, मानेवर डंख बसत होते. आतल्या अंधारात आजीचा श्वास घरघरत होता.

"पोरगी खंय माझी?"

"भायर आसा. तोंड पदरात घाला. हालू नकात."

गौरवीच्या हाका मधेच थांबल्या. ती पळाली की पडली, शंभूला कळेना. ताडपत्री उचलून बघायची सोय नव्हती. त्याने गावच्या केळबाय देवीला साकडं घातलं आणि कडा आणखी दाबल्या. ओठ सुजले, घसा आवळत चालला.

अग्निशामक दलाच्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. गौरवी रस्त्यावरच्या एका गाडीत सुखरूप होती. एका बाईने तिला हाताला धरून आत ओढलं होतं. आजीचं थोडक्यावर निभावलं. शंभू मात्र इस्पितळात राहिला.

बरा होऊन कामावर आला, तर टेकडीखालूनच मागे फिरला. तो मुकादम अनंतकडे गेला.

"वर नको. माका भय दिसता."

अनंतने त्याला आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजापाशी नेमलं. वाडा केव्हाच गेला. काळ्या दगडाची नुसती चौकट उभी आहे. लोक येऊन विचारतात, "वाडा कुठे?"

"नाय उरलो," शंभू म्हणतो, आणि त्यांना सावलीत उभं राहायला सांगतो.