काट्यावरची पावती

क्लच जळाल्याचा वास आला की मला कामोठ्याचा तो चाकांवरचा बंगला आठवतो. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी पलंग, ओटा, संडास असलेली घराएवढी, बिनइंजिनाची, मागून ओढत न्यायची गाडी घेतली आणि तिचं पुढचं टोक माझ्या नव्याकोऱ्या पिकअपच्या हौद्यावर टेकवून, जोडून, सगळं खानदान कोकणात न्यायचं ठरवलं. “वजन पेलेल ना?” मी विचारलं, तर साहेब कीव केल्यासारखे हसले आणि मला पनवेलच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. तिथे त्यांनी आधी नऊ माणसं उतरवली, तांदळाच्या गोण्या उतरवल्या, पाण्याची टाकीसुद्धा गटारात रिकामी केली. मर्यादेच्या आतली पावती मिळाली. मग टाकी काठोकाठ भरून, सगळं पुन्हा चढवून, वर सासूबाईंचा दगडी पाटा घेऊन आम्ही निघालो. कर्नाळ्याच्या चढावर पिकअपचं नाक इतकं वर गेलं की मला रस्त्याऐवजी थेट किल्ल्याचा सुळका दिसायला लागला, स्टिअरिंग हातात रिकाम्या ताटासारखं गरगरलं आणि नऊ जिवांसकट आम्ही मागे घसरू लागलो. मोळी घेऊन निघालेल्या दोन बायांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले, म्हणून वाचलो. साहेब खाली उतरून त्यांनाच पावती दाखवायला लागले, “वजन बरोबर आहे हो, ड्रायव्हरलाच चालवता येत नाही.” त्यातली म्हातारी शांतपणे म्हणाली, “मंग त्या कागदालाच जुंपा ना गाडीला.” माझा क्लच जळून खाक झाला. साहेब मात्र अजून चेअरमन आहेत आणि लिफ्टमध्ये सातवा माणूस चढला की माझ्याकडे बघत वजनाच्या नियमाची पाटी मोठ्यानं वाचतात.