जिवंतपणी पारंपरिक

कॅप्टन स्वतःची स्तुती करायला दुसऱ्या कोणाची वाट पाहत नसे. ट्रंपेटचा शेवटचा सूर विरायच्या आत ओठ पुसून म्हणायचा, "असं वाजवणारा विरारपर्यंत सापडणार नाही. विरारच्या पुढचं मला माहीत नाही, म्हणून बोलत नाही." एवढाच त्याचा विनय. आमच्या गिरीज गावच्या ब्रास बँडचा तो म्होरक्या. खांद्यावर सोनेरी झालरीचा लाल कोट घालून वरातीपुढे चालायचा, म्हणून कॅप्टन. वयाने मोठा, तरी सगळं गाव त्याला एकेरीच हाक मारी आणि मीही. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे मी त्याच्या हयातीतच लिहायला हवं होतं.

आमच्याकडे उपवासकाळात लग्नं होत नाहीत. ईस्टरपर्यंत बँड रिकामा. बाकीचे वादक कोट धुऊन पेटीत टाकायचे, कॅप्टन मात्र त्याच दिवसांत गाणी करायचा. त्याच्या केळीच्या वाडीत पंपाची खोली होती. तिथे आम्ही तिघे जमायचो: कॅप्टन, गिटारवाला नेल्सन आणि कीबोर्ड घेऊन मी. मी तेव्हा वालीवच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि आपण कारकून म्हणून जन्मलो नाही अशी माझी समजूत होती. उपवासात बाजा वाजला तर कोणीतरी फादरच्या कानावर घालणार, म्हणून कॅप्टन ट्रंपेटच्या तोंडात टॉवेल कोंबायचा. सर्दी झालेल्या म्हशीसारखा आवाज निघे. "ऐका," तो म्हणे, "टॉवेलातूनसुद्धा गोड लागतोय."

नवं गाणं आणलं की ते वाजवायच्या आधी कुठून आलं हे सांगायचं, असा त्याचा नियम होता. नेल्सनने एकदा सांगितलं, "दाढदुखीतून. चार रात्री झोप नव्हती."

"कळतंय," कॅप्टन खूश झाला. "मधेमधे ठणका आहे. ठेव ते."

माझी पाळी आली. मी म्हणालो, "समुद्राच्या अथांगतेतून."

"कुठला समुद्र? राजोडीचा?"

"असा... एकूण समुद्र."

"भरती होती की ओहोटी?"

मी कीबोर्डची बटणं चाचपू लागलो.

"मग पिक्चरमधला असेल. नेऊन ठेव परत."

नेल्सन हसत सुटला. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत जबडा दुखत होता.

कॅप्टनचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच खोलीत झालं. त्याची धाकटी बहीण राजोडीला दिली होती. "राजोडी ती केवढी लांब?" त्याने सांगितलं. "सायकल काढली की पोचलो. आणि ही बया अशी रडली की जणू बोटीने आफ्रिकेला चाललीय. मी समजूत घालायला गेलो आणि मीच रडलो. कोट भिजला. तिथून आलं हे." मग त्याने टॉवेल बाजूला केला आणि तोंडानेच म्हटलं:

राजोडीची वाट गो बाय, सायकलची वाट,
रडतेस कशाला गो बाय, रविवारी गाठ.

नेल्सनने गिटार खाली ठेवली. मी कीबोर्ड बंद केला. गाणं चांगलं होतं म्हणून नव्हे. असलं साधं मला कधीच सुचणार नाही हे कळलं म्हणून.

लग्नाच्या मांडवात नवं गाणं कोणी ऐकून घेत नाही. बायका तोंड फिरवतात. कॅप्टनने यावर तोड काढली. ईस्टरनंतर पहिल्याच लग्नात बायकांना म्हणाला, "हे तुमच्याच आज्यांचं गाणं. विसरलात ना? म्हणून तर पोरी बिघडल्या." बायका वरमल्या आणि दुसऱ्या कडव्याला सोबत म्हणू लागल्या. त्या मोसमात प्रत्येक मांडवात सायकलची वाट वाजली.

ते कॅसेटचे दिवस होते. आम्ही तिघांनी पदरमोड करून कॅसेट काढली. वेष्टनावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, मी ऑफिसात बसणारा म्हणून. माझ्या गाण्यांखाली माझं नाव लिहिलं, नेल्सनच्याखाली त्याचं. कॅप्टनच्या त्या गाण्याखाली मी लिहिलं: पारंपरिक. लोक तसंच समजतात, असं कारण तयार ठेवलं होतं. खरं कारण असं की कॅसेट त्या एका गाण्यासाठी विकली जाणार हे मला ठाऊक होतं आणि ते त्याचं असलेलं मला सोसत नव्हतं. आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

कॅसेटी आल्या त्या दिवशी कॅप्टन इस्त्रीचा कोट घालून पंपाच्या खोलीत आला होता. त्याने वेष्टन डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. उठून पंपाची कळ दाबून आला, त्याची तेव्हा काही गरज नव्हती. मी मान खाली घातली होती. मग पंपाच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला, "नेल्सन, जिवंतपणी पारंपरिक झालेला माणूस बघितलायस कधी?" त्याने आम्हाला ताडी पाजली आणि रस्त्यात भेटेल त्याला ते वेष्टन दाखवलं. माझ्याकडे पाहून एकदाच म्हणाला, "अक्षर छान आहे रे तुझं." ते मला अजून उलगडलेलं नाही.

माझं लग्न राजोडीच्या मुलीशी ठरलं. बँड अर्थात कॅप्टनचा. वरात तिच्या दारी पोचली, त्याने ते गाणं सुरू केलं आणि राजोडीच्या साऱ्या बायका गाऊ लागल्या. तेवढ्यात बायकोची म्हातारी आत्या गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने कॅप्टनचा ट्रंपेटवरचा हात खाली केला.

"काय रे बाजेवाल्या, हे सायकल कोणी घुसडलं मधे? आमची आजी बैलगाडी म्हणायची. बैलगाडीची वाट. चांगली गाणी नासवता तुम्ही लोक."

बँड थांबला होता. सगळी वरात ऐकत होती. सांगायची हीच वेळ, असं वाटून मी तोंड उघडलं. "आत्या, हे गाणं यानेच..."

कॅप्टनचा पॉलिशचा बूट माझ्या नव्या बुटावर पडला, चांगला जोरात. मग टोपी काढून तो आत्यासमोर वाकला. "चुकलं मावशी. तरुण पोरांच्या नादी लागलो. तुम्ही म्हणा, मी मागून येतो."

आत्याने बैलगाडीची वाट म्हटली. खणखणीत आवाजात, तिच्या चालीने, मधली एक जागा साफ बदलून. कॅप्टन ती जागा जशीच्या तशी उचलत तिच्यामागून वाजवत गेला. इतकं सुंदर वाजवलेलं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं आणि त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. कडवं संपल्यावर फक्त माझ्या कानाशी आला, धापा टाकत, आनंदाने लालबुंद होऊन.

"ऐकलंस ना? तिच्या आजीलापण पाठ होतं."