सरसबुवांची खात्री

सरसबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हँडल फिरवून वाजवायचे जुने ऑर्गन दुरुस्त करताना जनावराच्या कातड्याचा सरस सोडून दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट. त्यावरून लोकांनी ठेवलेलं. सरस गरम पाण्याने सुटतो, पन्नास वर्षांनीही भाता उघडून पुन्हा मढवता येतो. बाटलीतला पांढरा गोंद मात्र एकदा बसला की बसला. निघताना कातडं आणि लाकूड दोन्ही घेऊन निघतो. असा एक भाता खरवडण्यात बुवांचे दोन महिने गेले, आणि तेव्हापासून जगावरचा विश्वासच उडाला. गिऱ्हाइकाने वाद्य आणलं की आधी नमस्कार नाही, भात्याला नाक!

हल्ली बुवांचे हात थरथरत. मुलाला या कामात काडीचा रस नव्हता. उरली सून. चार वर्षं ती शेजारी बसून शिकली आणि दुरुस्तीला आलेल्या एका ऑर्गनचा भाता तिने पहिल्यांदाच एकटीने मढवला. तीन आठवडे खपून. आज दुपारी ऑर्गनचा मालक वाद्य न्यायला यायचा होता. तो खूश झाला की दुकान सुनेच्या हाती द्यायचं, असं बुवांनी घरात सांगूनही टाकलं होतं.

पण सकाळी तिच्या पिशवीत पांढऱ्या गोंदाची बाटली दिसली, अर्धी संपलेली. झालं! शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना. भात्याच्या कडा इतक्या सफाईदार कशा? सरसाचा एक ओघळ नाही? वास घ्यावा तर सर्दीने नाक चोंदलेलं. आता, "ही बाटली कसली गं?" एवढं विचारायला काय जीभ झडली असती? पण नाही. विचारलं तर ती सावध होईल, म्हणे!

सून जेवायला गेली तसं बुवांनी पाणी उकळलं, फडकं बुडवून पिळलं आणि भात्याच्या कडेवर दाबून धरलं. कातडं जागचं हललं नाही.

"बघा, म्हटलंच होतं मी," ते पुटपुटले.

पुन्हा फडकं, आणखी गरम. मग कातडं अलगद सुटलं. एक कडा, तिच्यामागोमाग दुसरी. खाली तपकिरी, चिकट, अस्सल सरस! बुवांना इतका आनंद झाला, की आपण काय करून बसलोय हे क्षणभर कळलंच नाही.

दारात सून उभी होती.

"बाटली दिसली गं पिशवीत," बुवा चाचरले. "म्हटलं, खात्री करावी."

"छोटीच्या शाळेच्या कामाची आहे ती, बाबा. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"मला पटलं नसतं," बुवा खरं तेच बोलून गेले.

"तेच तर," ती म्हणाली. तिने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, मालक येईल आता! भाता कोण मढवणार?"

"जो मढवील त्याचाही तुम्ही उघडून बघालच," ती म्हणाली आणि निघून गेली. बुवांना रडू कोसळलं.